आनंद (चित्रपट)

आनंद : हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शित हिंदी चित्रपट. प्रदर्शन १९७१. आतड्याच्या कर्करोगाने आजारी असलेला, जेमतेम सहा महिन्यांचा सोबती ठरलेला आनंद सहगल (राजेश खन्ना) आणि त्याच्यावर उपचार करणारा अबोल, तापट डॉक्टर भास्कर बॅनर्जी (अमिताभ बच्चन) यांच्या मैत्रीची ही कथा आहे. निर्मिती मुखर्जी आणि एन. सी. सिप्पी यांची, संवाद गुलजार यांचे, संगीत सलील चौधरी यांचे आणि छायाचित्रण जयवंत पाठारे यांचे. चित्रपट राज कपूर आणि मुंबई शहर यांना अर्पण केलेला आहे. राज कपूर मुखर्जींना ‘बाबूमोशाय’ (बंगालीत आदराने मारायची हाक) म्हणत. पडद्यावर आनंद भास्करला तीच हाक मारतो आणि चित्रपट पाहून उठलेल्या माणसाच्या कानात ती कितीतरी दिवस राहते.

चित्रपट सुरू होतो तो एका साहित्य पुरस्काराच्या समारंभाने. भास्करने आनंदवर लिहिलेल्या पुस्तकाला तो पुरस्कार मिळाला आहे. आनंद आता नाही, हे प्रेक्षकाला असे पहिल्याच काही मिनिटांत कळते. तो वाचेल की नाही, ही धाकधूक दिग्दर्शकाने सुरुवातीलाच काढून टाकली आहे. त्यामुळे लक्ष राहते ते त्याच्या दिवसांवर : तो कोणाशी बोलतो, कोणाला हसवतो, केव्हा गप्प होतो.

भास्करची ओळख मात्र सावकाश करून दिली आहे आणि चित्रपटाचा अर्थ समजायला ती फार महत्त्वाची आहे. तो मुंबईच्या झोपडवस्तीत रोगी तपासतो. औषध लिहून देता येते, पण ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न नाही त्याला सकस खा म्हणून कसे सांगायचे, हा प्रश्न त्याला पोखरतो. दुसरीकडे, काहीही झालेले नसताना दुखणी कुरवाळत बसलेल्या श्रीमंत रोग्याला तो तसे तोंडावर सांगतो. त्याचा मित्र डॉ. प्रकाश कुलकर्णी (रमेश देव) अशा श्रीमंतांकडून पैसे घेतो आणि त्यातून गरिबांवर उपचार करतो. भास्करला ही तडजोड जमत नाही. मरण रोज जवळून पाहून तो कडवट झालेला आहे. अशा माणसाच्या आयुष्यात आनंद येतो तो आपल्या रोगाचे लांबलचक वैद्यकीय नाव चवीने उच्चारत. एखाद्या व्हाइसरॉयचे नाव असावे असे वाटते, म्हणत. चित्रपटात या रोगाला लिम्फोसार्कोमा म्हटले आहे. हा शब्द आता जुना झाला असून अशा रोगांची गणना आज नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लसिका-संस्थेच्या कर्करोगांच्या गटात होते.

आनंदच्या तोंडचे एक वाक्य सर्वांना पाठ आहे : आयुष्य मोठे असावे, लांब नसले तरी चालेल. चित्रपटाचा संदेश म्हणून तेच सांगितले जाते, आणि ते चूक नाही. पण एवढ्यावर थांबले की ‘मरणाला हसत सामोरे जा’ असा एक सोपा उपदेश हाती उरतो. मोठे म्हणजे कशाने मोठे, याचे उत्तर त्या वाक्यात नाही. ते मुरारीलालमध्ये आहे.

मुरारीलाल नावाचा कोणी माणूस नाही. आनंद रस्त्यात कोणाही अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारतो, त्याला मुरारीलाल म्हणून हाक मारतो आणि कुतुबमिनारवर आपण बिअर प्यायलो होतो, आठवते ना, असे विचारतो. लोक गोंधळतात, चिडतात, निघून जातात. भास्करला हा पोरकटपणा वाटतो. आनंदचे म्हणणे असे की प्रत्येक माणसाच्या शरीरात एक ट्रान्समीटर असतो. काही माणसे पाहताच आवडतात, काही नाही, मग बोलून का पाहू नये? पुढे एक दिवस नाटक कंपनीचा मालक ईसाभाई सुरतवाला (जॉनी वॉकर) असाच पाठीवर थाप खातो, पण रागावत नाही. उलट आनंदला ‘जयचंद’ म्हणून हाक मारून खोट्या ओळखीत खोटी ओळख मिसळतो. एकाने हात पुढे केला आणि दुसऱ्याने तो धरला, इतकाच हा प्रसंग. विनोदी म्हणून तो लक्षात राहतो. मला मात्र तो चित्रपटाचा कणा वाटतो. दिल्लीत प्रेम मागे ठेवून आलेला हा एकटा माणूस मुंबईसारख्या शहरात दर दिवशी नवे नाते मागत फिरतो आणि बहुतेक वेळा नकार घेऊन परततो. त्याचे हसणे या मागण्यातून आलेले आहे.

मिळालेली नातीही एकेक करून जोडली जातात. कडक शिस्तीची मेट्रन मिसेस डिसा (ललिता पवार) त्याची आई होते. भास्करचे जिच्यावर प्रेम आहे त्या रेणूची आई (दुर्गा खोटे) आनंदच्या मध्यस्थीने भास्करशी आपल्या मुलीचे लग्न करायला राजी होते. प्रकाशची पत्नी सुमन (सीमा देव) त्याची बहीण होते आणि तिच्या बाबतीत चित्रपटातला सर्वांत हळवा क्षण येतो. बहिणीला आशीर्वाद द्यायची वेळ येते तेव्हा आनंद अडखळतो. माझे आयुष्य तुला लागो, एवढेसुद्धा मला म्हणता येत नाही, असे तो म्हणतो. रोज बोलण्यात येणारा साधा आशीर्वाद त्याच्या तोंडी किती जड होतो, ते सीमा देव यांच्या चेहऱ्यावर वाचता येते. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरलेल्या कलावंतांनी या चित्रपटाला दिलेला घरगुती ओलावा सहसा उल्लेखात येत नाही, तो यावा.

गाणी चारच. ‘कहीं दूर जब दिन ढल जाए’ आणि ‘जिंदगी कैसी है पहेली’ ही गीतकार योगेश यांची, ‘मैंने तेरे लिए’ आणि ‘ना जिया लागे ना’ ही गुलजार यांची. पहिल्या गाण्यात आनंद संध्याकाळी एकटा उभा आहे. दिवसभर बडबडणारा माणूस एकटा असताना कसा असतो, ते तेवढ्यात दिसते. या गाण्याची चाल सलील चौधरींनी आधी बंगाली गीताला दिली होती. हेमंत कुमार यांनी गायलेले ‘आमाय प्रश्न करे नील ध्रुवतारा’ ते हेच.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरचे पुरस्कार सहा : चित्रपट, अभिनेता, सहायक अभिनेता, संवाद, कथा आणि संकलन. कथा आणि संकलन हे दोन्ही पुरस्कार मुखर्जींचेच. १९६९ मध्ये पडद्यावर आलेल्या अमिताभ बच्चन यांच्याकडे सर्वांचे लक्ष गेले ते भास्करमुळे. राजेश खन्ना त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर होते, तरी इथे नायकाचा डौल त्यांनी बाजूला ठेवला आहे.

शेवटाला एक टेपरेकॉर्डर आहे. आधी एकदा भास्करची मृत्यूवरची कविता (ती गुलजार यांची) त्यावर ध्वनिमुद्रित झालेली असते आणि तिच्यापाठोपाठ आनंदने ईसाभाईकडून उचललेले नाटकी संवाद. भास्कर औषध घेऊन परततो तोवर उशीर झालेला असतो. इतके दिवस ज्याची बडबड थांबवायचा प्रयत्न केला, त्याच्यावर तो ओरडतो : बोल, माझ्याशी बोल. चालूच राहिलेली फीत काही क्षण नुसती फिरत राहते आणि मग त्या खोलीत आनंदचा आवाज येतो, ‘बाबूमोशाय’ म्हणत, रंगमंचावरच्या कठपुतळ्यांची गोष्ट सांगत, आणि शेवटी मोठ्याने हसत.