लॅबचं व्हीपीएन कॉलेजच्या नेटवर्कवर का अडकतं, त्यामागची गोष्ट

सायबर सिक्युरिटीच्या प्रॅक्टिस प्लॅटफॉर्मवर खातं काढलं की पहिलं काम नेटवर्क उभं करायचं, आणि कोल्हापुरातल्या बऱ्याच पोरांचं घोडं इथंच अडतं.

आधी लॅब, म्हणजे हल्ल्याचा सराव करायची जागा, स्वतःच्या पीसीवरचीच. साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा पीसी) १९९९ पासून चालायला लागलं, ती चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स २००७ ला आलं, हल्ल्याची साधनं असलेलं काली लिनक्स २०१३ ला. एक मशीन हल्ला करणारं, एक मार खाणारं, दोन्हीला होस्ट-ओन्ली अडॅप्टर (फक्त त्या पीसीपुरतं नेटवर्क) लावला की बाहेरचा संबंध संपला. ४ जीबी रॅमवर दोन्ही एकदम धड चालायची नाहीत तो भाग वेगळा. २०१७-१८ च्या आसपास ऑनलाइन प्लॅटफॉर्म आले, टार्गेट, म्हणजे मार खाणारं मशीन, त्यांच्याकडं गेलं, आपल्याकडं उरली फक्त ओपनव्हीपीएनची फाइल. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून त्यांच्या बंद नेटवर्कपर्यंतची खासगी वाट, ती या फाइलनं जोडायची. कोल्हापुरात सायबर सुरक्षेचा विषय खरा पेटला तोही २०१८ च्या ऑगस्टमध्ये, पुण्यातल्या एका सहकारी बँकेचे ९४ कोटी गेले आणि त्यातली काही रक्कम कोल्हापुरातल्या एटीएममधून काढली गेली तेव्हा.

मग आला २८ एप्रिल २०२२ चा केंद्राचा आदेश, आणि घोळ तिथून सुरू झाला. व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ५ वर्षं जपून ठेवायचं, सायबर घटना ६ तासांत कळवायची असं त्यात होतं. काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले आणि 'व्हीपीएनवर बंदी आली' अशी हवा झाली. बंदी कधीच नव्हती. आदेशाच्या पुढच्याच महिन्यात खुलासाही आला की कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. लॅबच्या व्हीपीएनमधून तर तुमचं रोजचं इंटरनेट जातच नाही, फक्त टार्गेटकडं जाणारं ट्रॅफिक जातं. तरी इथल्या एका कॉलेजनं भीतीपोटी यूडीपी ११९४ पोर्ट, म्हणजे ओपनव्हीपीएन ज्यातून जातं ते नेटवर्कचं दार, बंद केला तो आजतागायत बंदच आहे, आणि हे मला पटत नाही, कारण सुरक्षा शिकायला आलेल्या पोरांचीच वाट त्यात बंद झाली. प्लॅटफॉर्म टीसीपी ४४३ ची (सुरक्षित वेबसाइट ज्यातून येतात त्या पोर्टची) फाइल देत असेल तर तिच्यावर काम भागतं, नाहीतर ब्राउझरमध्येच चालणारं प्लॅटफॉर्मचं मशीन आहे, पण फुकटच्या खात्यात त्याला वेळेची मर्यादा असते.

दुसरा गुंता पत्त्यांचा, आणि तो जुना आहे. १० ने सुरू होणारी आयपी पत्त्यांची रेंज मुळात अर्पानेटची (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क), ते १९९० ला बंद पडलं आणि १९९६ ला ती खासगी नेटवर्कसाठी कायमची ठरली, सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते. त्यामुळं लॅबही १० वर आणि कॉलेजचा लॅनही (आतलं नेटवर्क) १० वर. दोन रेंज एकमेकांवर आल्या की लॅपटॉप जास्त नेमका रूट (कमी पत्त्यांची रेंज सांगणारी वाट) उचलतो, तो कॉलेजचा निघाला तर तुमचा एनमॅप (मशीन स्कॅन करायचं साधन) टार्गेटला सोडून बाजूच्या खोलीतल्या पीसीवर चालतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरलात तर आयटी कायद्याचं कलम ६६ लागू शकतं, ३ वर्षांपर्यंत कैद आहे त्यात.

म्हणून ट्युन-झिरोवर (व्हीपीएन जोडलं की लॅपटॉपमध्ये तयार होणारी नेटवर्क जोडणी) आयपी दिसला एवढ्यावर थांबू नका. टर्मिनलमध्ये 'आयपी रूट गेट' या कमांडपुढं टार्गेटचा पत्ता टाकून बघा, उत्तरात ट्युन-झिरोऐवजी वायफायच्या जोडणीचं नाव आलं तर स्कॅन सुरू करायचा नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जाऊन परत जोडायचं.