चेअरमनचंही ऐकून घ्या

माझी भाची सांगलीत विश्रामबागेत राहते, यंदा दहावीला आहे आणि गेल्या उन्हाळ्यापासून एका खलनायकाच्या नादी लागली आहे. खलनायक जुन्या मराठी चित्रपटातला, निळू फुले यांनी रंगवलेल्या बेरक्या पुढाऱ्यांपैकी एक. कुठला ते सांगायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. आम्ही त्याला नुसतं चेअरमन म्हणू.

दोन दोनशेपानी वह्या तिने या माणसावर भरल्या आहेत. त्यात चेअरमन नऊ वर्षांचा पोरगा आहे, जत तालुक्यातला. १९७२ चा दुष्काळ चालू आहे, आई रस्त्याच्या कामावर खडी फोडते आणि हा वाटपात मिळालेली सुकडी धाकट्या बहिणीसाठी खिशात दडवून ठेवतो. मी म्हटलं, अगं, त्या काळात तर सिनेमातला चेअरमन पन्नाशीला आलेला होता. त्यावर ती म्हणाली, "मामा, एयू आहे ते." एयू म्हणजे अल्टरनेट युनिव्हर्स: पात्र तेच, काळ आणि जग आपल्याला हवं ते. फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी, लिहिणाऱ्यांमध्ये हे सर्वमान्य आहे, अडाणी मीच होतो.

मग व्हायचं तेच झालं. वही वर्गात सापडली आणि बहिणीला शाळेतून बोलावणं आलं. "मुलगी हुशार आहे, पण असल्या माणसाची बाजू का घेते? घरी सगळं ठीक आहे ना?" बहीण घाबरली. मी मानसशास्त्राचं थोडंफार वाचत असतो, म्हणून दोन्ही वह्या माझ्याकडे तपासणीला आल्या.

वह्या वाचण्याआधी मला शाळेच्या प्रश्नाचीच गंमत वाटली, कारण तो प्रश्न प्रयोगशाळेत फार पूर्वी विचारून झाला आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये लोकांना फिडेल कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले, काही त्याच्या बाजूचे, काही विरोधातले. वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं की, बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीही कॅस्ट्रोची बाजू मांडणारा माणूस मनातूनही थोडाफार कॅस्ट्रोवादी असणार, असंच वाचकांना वाटत राहिलं. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या खोडीला मूलभूत चूक असं नाव दिलं. माणूस कुठल्या परिस्थितीत बोलतोय ते विसरायचं आणि सगळं त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकायचं, ही ती चूक.

निळूभाऊंनी तर ही चूक आयुष्यभर भोगली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला हा माणूस. पण गावोगावच्या बायका त्यांना पाहून बोटं मोडायच्या, शिव्या द्यायच्या, हे किस्से अजून सांगितले जातात. पडद्यावरच्या पाटलाचं पाप नटाच्या अंगाला चिकटलं. माझ्या भाचीच्या अंगाला चेअरमनचं चिकटलं, एवढाच फरक.

खरं तर सांगलीत तरी कुणी याचं नवल करू नये. ५ नोव्हेंबर १८४३ ला चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्यावरून आपण या गावाला नाट्यपंढरी म्हणवून घेतो. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं बरीचशी आयत्या वेळी रचायची. राक्षस तर 'अलल्लडुर्र' अशी आरोळी ठोकत, थयथयाट करतच यायचे. म्हणजे रावणाला काय वाटलं असेल, तो कसा गुरगुरेल, हे रावण झालेला नट जागच्या जागी जुळवत होता. दुसऱ्याच्या कथेतला खलनायक घ्यायचा आणि त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे. फॅनफिक आणखी वेगळं काय असतं? त्याहून मागे जायचं तर भासाचं 'ऊरुभंग' आहेच. त्यात मांड्या फुटून पडलेला दुर्योधन शेवटच्या घटकेला असा काही उभा राहतो की, प्रेक्षकाने भीमाकडे बघावं की याच्याकडे, ते कळेनासं होतं.

नट पात्रात शिरतो तेव्हा मेंदूत काय होतं, हेही पाहून झालं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टीव्हन ब्राउन यांनी पंधरा नटनट्यांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि प्रश्न विचारले. आमंत्रण नसताना तू एखाद्या पार्टीला जाशील का, अशा धर्तीचे. उत्तर एकदा स्वतः म्हणून द्यायचं, एकदा मित्राच्या वतीने, एकदा रोमिओ किंवा ज्युलिएट होऊन. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात लक्षवेधी गोष्ट अशी की, पात्र होऊन उत्तर देताना 'मी कोण' याच्याशी संबंधित असलेल्या, कपाळामागच्या मध्यभागातल्या जागांची हालचाल कमी झाली. पात्र अंगात येताना नट थोडा बाजूला सरतो, असं आपण म्हणतो ते अगदीच हवेतलं नाही. पंधरा जणांवरून फार उड्या मारू नयेत हे खरं, पण दिशा मजेशीर आहे.

आता वहीकडे येतो.

पहिली वही संपता संपता एक प्रकरण आहे. चित्रपटात चेअरमन एका शेतकऱ्याच्या उसाचा काटा मारतो, शेतकरी देशोधडीला लागतो. भाचीने तोच प्रसंग चेअरमनच्या तोंडून लिहिला आहे. मूळ चित्रपटात तो बराच वेळ चालतो, शेतकऱ्याची बायको, पोरं, गहाण पडलेली जमीन, सगळं येतं. वहीत तो प्रसंग दीड पानात संपतो. चेअरमन म्हणतो, त्या हंगामात कारखाना बुडत होता, बँकेचा माणूस दारात बसला होता, एकदाच केलं, पुढच्या वर्षी त्याच्या पोराला नोकरी लावली, विषय संपला.

हे वाचून मी सरळ बसलो. कारण दहावीच्या पोरीने जे अंदाजाने साधलं, ते मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मोजून दाखवलं होतं. त्यांनी प्रत्येकाला आपल्या आयुष्यातल्या दोन खऱ्या गोष्टी लिहायला सांगितल्या. एकीत दुसऱ्या कुणी तरी आपल्याला संताप आणलेला, दुसरीत आपण कुणाला तरी. दोन्ही लिहिणारा माणूस एकच, त्यामुळे चांगली माणसं आणि वाईट माणसं अशी विभागणी करायची सोयच नव्हती. तरी दोन कथांचं वळण वेगळं पडलं. दुखावला गेलेला म्हणून लिहिताना तोच माणूस लांब इतिहास सांगतो: हे आधीपासून चाललं होतं, समोरच्याने असं का केलं ते आजवर कळलं नाही, त्याचे परिणाम मी अजून भोगतोय. दुखावणारा म्हणून लिहिताना गोष्ट आखूड होते. तेव्हा तशी कारणं होती, काही इलाज नव्हता, चूक झाली असेल पण आता ते मिटलं.

यावर कुणी म्हणेल, घटनाच वेगळ्या होत्या, मग कथा वेगळ्या होणारच. म्हणून आर्लीन स्टिलवेल आणि बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये पुढचा डाव टाकला, आणि तो तर जवळजवळ फॅनफिकचाच तास आहे. सगळ्यांना एकच बनावट गोष्ट वाचायला दिली. एक विद्यार्थी खोलीतल्या साथीदाराला अभ्यासात मदत करायचं कबूल करतो, शब्द पाळत नाही आणि साथीदाराची परीक्षा बिघडते. मग काहींना सांगितलं, मदत नाकारणारा तूच आहेस असं समजून गोष्ट पुन्हा लिही. काहींना सांगितलं, परीक्षा बिघडलेला तू आहेस असं समज. बाकीच्यांना कुणाचीच बाजू दिली नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मूळ गोष्टीतले तपशील गाळले, मोडले, आपल्या सोयीचे ठेवले. आपली अपेक्षा अशी की लबाडी करणारा जास्त खोटं सांगेल आणि सोसणारा खरं. तसं निघालं नाही. चुका दोघांच्याही साधारण सारख्याच होत्या, फक्त उलट दिशेच्या. कुणाचीही बाजू नसलेले तेवढे मूळ गोष्टीच्या जास्त जवळ राहिले.

ही गोष्ट पचायला जड आहे. भोगणाऱ्याचं दुःख खोटं असतं असा तिचा अर्थ अजिबात नाही. उसाचा काटा मारला गेला तो गेलाच. पण आपण ज्या खुर्चीत बसतो तिथून खोलीचा एक कोपरा कायम दिसत नाही, आणि खुर्ची बदलली की दुसरा कोपरा दिसेनासा होतो. खलनायकाच्या तोंडून लिहिणारा मुद्दाम खुर्ची बदलतो.

या खुर्चीत बसल्यावर माणूस स्वतःची समजूत कशी घालतो, त्याची वर्णनं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी करून ठेवली आहेत. त्यांनी सांगितलेल्या आठ युक्त्यांना आपल्याकडे उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही, कारखान्याच्या वार्षिक सभेला जाऊन बसलं तरी पुरे. काटामारीला 'ॲडजस्टमेंट' म्हणायचं. शेजारच्या कारखान्यात याच्या दुप्पट चालतं, असं सांगायचं. ठराव संचालक मंडळाचा होता, माझ्या एकट्याचा नव्हे. आणि शेवटी, तो शेतकरी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होता? माझ्या भाचीने बांडुरांचं नावही ऐकलेलं नाही, पण तिचा चेअरमन यातल्या पाच युक्त्या वापरतो. मी पेन्सिलीने खुणा केल्या. मला विचाराल तर वहीतला सगळ्यात भयंकर भाग हाच आहे. सिनेमातला चेअरमन मिशीला पीळ देऊन हसतो, तेव्हा आपल्याला त्याची भीती वाटते आणि बरंही वाटतं, कारण आपण तसं हसत नाही. वहीतला हसत नाही. तो हिशोब सांगतो, आणि हिशोब ओळखीचा वाटतो.

जाता जाता, सिनेमातल्या चेअरमनच्या गालावरचा वण तिने वहीत काढून टाकला आहे. का, म्हटलं तर "सगळ्याच व्हिलनला असतो, बोअर होतं." तिचं निरीक्षण चुकीचं नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये अमेरिकी सिनेमातले नावाजलेले दहा खलनायक तपासले, तर सहा जणांच्या कातडीवर काही ना काही होतं: वण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. खऱ्या आयुष्यात अंगावर वण घेऊन वावरणाऱ्यांना याचा त्रास होतो, हा त्या डॉक्टरांचा मुद्दा होता.

बहिणीचा खरा प्रश्न मात्र वेगळा होता. पोरीला हा माणूस आवडतो कसा? रेबेका क्राउस आणि डेरेक रकर यांनी २०२० मध्ये यावर एक उत्तर दिलं. आवडत्या पात्रांशी आपला स्वभाव जुळवून पाहायच्या एका संकेतस्थळावरची दोन लाखांहून जास्त लोकांची माहिती त्यांनी तपासली. आपल्याशी स्वभाव जुळणारा खलनायक लोकांना जास्त ओढून घेतो, असं निघालं. खऱ्या आयुष्यात असं साम्य दिसलं तर आपण दोन पावलं मागे सरतो, कारण त्या माणसाची सावली आपल्यावर पडते. कथेत ती भीती नसते. माझी भाची हट्टी आहे, हिशोबी आहे आणि धाकट्या भावासाठी काहीही दडवून ठेवते. सुकडीचा प्रसंग कुठून आला ते मला विचारावं लागलं नाही.

आणखी एक तक्रार तिने स्वतःच केली. दुसऱ्या वहीत चेअरमनला पश्चात्ताप व्हायचा होता, पण "तो ऐकतच नाही माझं." मी तिला धीर दिला की, असं म्हणणारी ती एकटी नाही. मार्जरी टेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पन्नास कथालेखकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ९२ टक्के लेखकांनी पात्रं आपल्या मनाने वागतात, असा काही ना काही अनुभव सांगितला. लहान मुलांचे काल्पनिक सवंगडीही असेच हट्ट करतात. टेलर यांचा मूळ अभ्यास त्या सवंगड्यांचाच. बहुधा सरावाने पात्राची विचारपद्धत इतकी अंगवळणी पडते की, उत्तर कुठून आलं याचा पत्ता लागत नाही.

एका बाबतीत मात्र मी बहिणीला खोटा दिलासा दिला नाही. कथा वाचल्याने दुसऱ्याचं मन जास्त कळतं, असा २०१३ मधला एक प्रयोग फार गाजला. डेव्हिड किड आणि इमान्युएल कास्टानो यांचा. पण दुसऱ्या संशोधकांनी २०१६ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. त्यामुळे खलनायक लिहून मुलगी अधिक दयाळू होईल वगैरे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या डोक्यात शिरता येणं हे कसब आहे, ते भामट्यालाही लागतं.

शाळेला काय सांगायचं ते बहिणीने तिचं तिने ठरवलं. मी वह्या परत करताना भाचीला १९९० चा प्रयोग सांगितला. ती लगेच म्हणाली, "मग तू पण लिही." लिहिलं. मला दुखावल्याची गोष्ट माझ्या एका मित्राची, पंचवीस वर्षांपूर्वीची, गणपतीच्या वर्गणीच्या हिशोबावरून झालेली. साडेतीन पानं झाली, तीही आवरती घेतली म्हणून. मी दुसऱ्याला दुखावल्याची गोष्ट तिच्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची. तिच्या लग्नाच्या वेळी मी जे बोललो होतो ती. ती सहा ओळीत बसली. शेवटची ओळ होती, 'पण आता तिच्या ते लक्षातही नसेल.'

भाचीने कागद घेतला, आतल्या खोलीत जाऊन आईला काही तरी विचारलं, बाहेर आली आणि शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने एकच शब्द लिहिला: चेअरमन.