पु. ल. देशपांडे उद्यान, पुणे

पुण्यात सिंहगड रोडवर असलेली महापालिकेची जपानी धाटणीची बाग. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही नाव आहे पण रिक्षावाल्याला पुलं गार्डन म्हटलं की पुरतं. जागा साधारण 10 एकर, 2006 मध्ये लोकांसाठी खुली झाली.

नमुना आहे जपानमधल्या ओकायामा शहरातली कोराकुएन बाग. इकेदा त्सुनामासा नावाच्या तिथल्या सरदाराने 1687 ला काम सुरू करवलं, 1700 मध्ये ते पुरं झालं, मुळात ही सरदार घराण्याची खासगी बाग, सार्वजनिक झाली 1884 ला. पुढे 1934 चा पूर आणि 1945 चे बॉम्बहल्ले यात फार नुकसान झालं, पण जुनी चित्रं आणि नकाशे जपलेले होते म्हणून ती परत होती तशी उभी करता आली, आणि मला वाटतं बागेचेसुद्धा कागद सांभाळून ठेवणाऱ्या त्या लोकांचं खरंच कौतुक करायला हवं.

ही चालत बघायची बाग आहे. गेटमधून सगळं एकदम दिसत नाही, वाट वळते, मधे हिरवं टेकाड येतं, पुढे गेलं की तळं, मासे, छोटा पूल, परत वळण आणि मघाचंच तळं वेगळं दिसायला लागतं. फुलांचे ताटवे शोधत गेलात तर निराश व्हाल, इथे दगड, पाणी, लॉन आणि कातरलेली झुडपं हाच ऐवज आहे. पाणी शेजारच्या कालव्याचं, गाळून बागेत खेळवलेलं. कुंपणाबाहेरचं दृश्यही बागेचाच भाग धरायची जपानी पद्धत आहे, कोराकुएनमधून नदीपलीकडचा ओकायामाचा काळा किल्ला दिसतो आणि आपल्याकडे ते काम पर्वतीची टेकडी करते, त्यामुळे फोटो काढताना नुसत्या पुलावर फोकस करू नका, मागे पण बघा.

लॉनवर पाय ठेवायला मनाई आहे, पाय पडला की वॉचमनची शिट्टी वाजते. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना ते जाचक वाटतं पण गवत टिकलंय ते त्यामुळेच. दुपारी मधे बाग बंद असते तेव्हा वेळ बघून जा, शक्यतो सकाळी, रविवारी संध्याकाळी इतकी गर्दी होते की सावकाश फिरणं जमतच नाही. लागूनच नंतर केलेलं मुघल गार्डन आहे, दोन्ही एकाच फेरीत बघा, तिकडे सरळ रेषा आणि कारंजी, इकडे वळणावळणाच्या वाटा, फरक लगेच कळतो.