जुनी लष्करी रायफल १०० मीटरवर वर का मारते?

पहिल्या महायुद्धातली जर्मन गेवेर ९८ हातात घ्या आणि १०० मीटरवरच्या चांदमारीत मध्यावर नेम धरा. गोळी साधारण फूटभर वर लागेल. मागच्या साईटवर (नेम धरायच्या, अंतराचे आकडे असलेल्या पट्टीवर) सर्वांत खालची खूणच मुळी ४०० मीटरची आहे, त्यामुळे रायफल बिघडली म्हणण्यात अर्थ नाही.

गोळी सरळ जात नाही, हे कळायलाही वेळ लागला. इटालियन गणिती तार्ताग्लियाने १५३७ मध्ये तोफगोळ्याच्या मार्गाचे काही भाग सरळ मानले होते. १५४६ मध्ये त्यानेच सांगितलं, की मार्गाचा कुठलाच भाग पूर्ण सरळ नसतो. १६३८ मध्ये गॅलिलिओने हा मार्ग पॅराबोला, म्हणजे एक ठरावीक कमानीसारखी वक्ररेषा, असल्याचं मांडलं, पण हवेचा विरोध हिशेबात न धरता. तो हिशेब वेगवान गोळीला किती तोकडा पडतो, हे १७४२ मध्ये इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने दाखवलं. लाकडी लंबकावर गोळी झाडून तो लंबक किती झुलला यावरून त्याने वेग काढला आणि हवेचा विरोध समजुतीपेक्षा कितीतरी जास्त निघाला.

रायफलीच्या साईटवर खरा परिणाम झाला तो १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीपासून. बिनधुराच्या दारूने वेग वाढला, गोळीचा मार्ग सपाट झाला. पुढे जर्मनांनी १४.७ ग्रॅमची बोथट गोळी सोडून सुमारे १० ग्रॅमची टोकदार गोळी घेतली. वेग सेकंदाला साधारण ६४० मीटरवरून ८८० च्या आसपास गेला. ब्रिटिशांची टोकदार मार्क ७ गोळी १९१० ची. काडतूस बदललं की साईटवरचे जुने आकडे खोटे ठरतात, म्हणून साईटही बदलाव्या लागल्या. आजही ज्या काडतुसासाठी साईट आखली ते सोडून दुसरं वापरलं, तर आकड्यांवर विसंबू नये.

४०० मीटर हा आकडा आज विचित्र वाटतो. पण तेव्हा लांबवरच्या शत्रूच्या तुकडीवर एकत्र गोळीबार करणं हीच पायदळाची कल्पना होती. ब्रिटिश लीएनफील्ड रायफलीला तर २,००० यार्डांच्याही पुढच्या पल्ल्यासाठी बाजूला वेगळी साईट असे. पहिल्या महायुद्धादरम्यान ती बसवणं बंद झालं. (तेवढ्या अंतरावर एकटा माणूस डोळ्यांना धड दिसतही नाही.) जवळच्या शत्रूसाठी सूत्र सोपं होतं: साईटला हात लावू नका, नेम खाली धरा.

गोळीला ३०० मीटर जायला सुमारे ०.४५ सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात गोळी गुरुत्वाकर्षणाने मीटरभर खाली येते. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते, आणि मधल्या अंतरात गोळी त्या रेषेच्या वरून जाते.

झिरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साईट जुळवताना, लक्षात ठेवायचं ते हे, की माशी (नळीच्या टोकावरची पुढची साईट) गोळी जिकडे चुकते त्याच दिशेला सरकवायची. गोळी डावीकडे लागत असेल तर माशी डावीकडे, वर लागत असेल तर माशी उंच. रशियन मोसिन ९१/३० च्या दोन साईट्समध्ये सुमारे ६२ सेंटिमीटर अंतर आहे. तिथे माशी १ मिलिमीटर हलली, तर १०० मीटरवर गोळी १६ सेंटिमीटर सरकते. शिवाय ही रायफल संगीन लावून झिरो केलेली असायची. संगीन काढली की मारा बाजूला जातो, आणि नवा मालक माशीला दोष देतो. माशी ठोकून सरकवायला हातोडी उचलण्याआधी मूळ जागेची खूण करून ठेवावी.