शंभर सीसीची गाडी मुंबईत कशी रुजली

पहिली गाडी घ्यायला आलेला मुलगा शोरूममध्ये हमखास विचारतो, "शंभर सीसी कमी नाही ना पडणार?" प्रश्न रास्त आहे. पण शंभर हा आकडा इंजिनाच्या गणितातून आलेला नाही. तो सरकारी धोरणातून आला, आणि ते धोरण कळलं की या गाडीकडून काय मागायचं तेही कळतं.

सत्तरच्या दशकात मध्यमवर्गाची गाडी म्हणजे स्कूटर. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा आधीपासून होतीच, 1972 मध्ये आकुर्डीच्या बजाजची चेतक आली. ती मिळवायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मोटरसायकल हवी असेल तर बुलेट, जावा किंवा राजदूत. तिन्ही दणकट, पण वजनानं आणि पेट्रोलच्या खर्चानं नवशिक्याला घाम फोडणाऱ्या. ज्यांना हे झेपत नसे त्यांच्यासाठी 50 सीसीची लुना होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं दुचाकी उद्योगात परदेशी भागीदारीला वाट करून दिली, मात्र 100 सीसीपर्यंतच. तेलाच्या किमती भडकल्यानंतरचा तो काळ, पेट्रोल वाचवणं ही देशाचीच गरज होती. मग चार जपानी कंपन्या पाठोपाठ आल्या: 1984 मध्ये इंड-सुझुकी, 1985 मध्ये हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100, 1986 मध्ये कावासाकी बजाज.

यातल्या तीन टू-स्ट्रोक होत्या आणि एकटी सीडी 100 फोर-स्ट्रोक. पुढची सगळी गोष्ट या एका फरकानं ठरवली. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला इंधन पेटतं, म्हणून 98 सीसीची आरएक्स 11 हॉर्सपॉवर द्यायची. तिच्या पिकअपवर जीव टाकणारे आजही भेटतात. पण त्या रचनेत थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं, सोबत ऑइलही जळतं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो. ताकद कमी, पण पेट्रोल जवळपास सगळं कामी येतं. लिटरला 80 किलोमीटरचा दावा आणि 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही जाहिरात घेऊन सीडी 100 नोकरदारांच्या घरात शिरली. लोकांनी 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न पहिला विचारायला सुरुवात केली, ती माझ्या मते तेव्हापासून.

1994 मध्ये स्प्लेंडर आली, तीही त्याच 97.2 सीसीच्या इंजिनावर. 50 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), 49.5 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) हे माप आजच्या स्प्लेंडर प्लसमध्येही तसंच आहे. यात काहींना आळस दिसतो, मला आधार दिसतो. भांडुपच्या गल्लीत ताडपत्रीखाली बसणाऱ्या मेकॅनिकच्या हाताला हे इंजिन पाठ आहे, आणि पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. 2000 साली प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी टू-स्ट्रोक मोटरसायकल मागे पडत गेली.

आता मुंबईचं. सी लिंक, ईस्टर्न फ्री वे, कोस्टल रोड, अटल सेतू, जे.जे. उड्डाणपूल यांवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे शहरातले वेगाचे बरेचसे रस्ते आपल्याला बंदच. उरतो एलबीएस मार्ग, एस. व्ही. रोड, आंबेडकर रोड: सिग्नल ते सिग्नल, दुसरा-तिसरा गिअर, सतत हाफ क्लच. इथे शंभरची आठ हॉर्सपॉवर पुरते. 112 किलोच्या आसपासचं वजन, दोन्ही पाय नीट टेकणारी सीट आणि हलका क्लच यांची किंमत जास्त. मी गिअरची गाडी अशाच शंभरवर शिकलो. आरटीओत आठचा आकडा काढताना गाडी कलली, तेव्हा ती पायानं सावरता आली ती हलकी होती म्हणूनच. मात्र रोज मागे कुणी बसणार असेल, किंवा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जाणं-येणं असेल, तर 125 घ्यावी. पुलाच्या चढावर शंभर दमते, हे लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या काही वर्षांतले दोन बदल नवशिक्यानं समजून घ्यावेत. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान एकत्रित ब्रेक सक्तीचा झाला: मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवखा माणूस घाबरून मागचाच ब्रेक दाबतो, आणि पहिल्या पावसात पेव्हर ब्लॉकवर नेमका तिथेच घसरतो. त्याला याचा उपयोग आहे. पण हे एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नव्हे; चाक तरीही लॉक होऊ शकतं. दुसरा बदल 2020 च्या बीएस-6 या प्रदूषण नियमांचा. बहुतेक गाड्यांत हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर गेला, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आलं. चोक ओढायची कटकट संपली, किंमत वाढली, आणि स्क्रू पिळून अ‍ॅव्हरेज जमवून देणारा आपला मेकॅनिक काही बिघाडांत स्कॅनरवाल्याकडे पाठवू लागला.

किमतीच्या बाजूनं सप्टेंबर 2025 मध्ये दिलासा मिळाला, 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मुंबईत 2022 पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, तेव्हा वाचलेल्या पैशांतून आधी दोन चांगली हेल्मेट घ्यावीत.