खरं आणि पटणारं: बंदुकीची कसोटी मंत्राला लावू नका

पात्रं वठवत फाशांवर खेळायचा रोलप्लेइंग खेळ रंगलाय: टेबलावर मालवणच्या किल्ल्याचा नकाशा, हातात फासे. तटावरचा शिपाई दर फेरीला एक बार काढतोय, शेजारचा मांत्रिक आगीचा गोळा फेकतोय. तेवढ्यात कोणीतरी कुरकुरतं, "हे काही रिअलिस्टिक नाही." कशाबद्दल म्हणतोय, बंदुकीच्या बाराबद्दल की आगीच्या गोळ्याबद्दल? शब्द एकच असला तरी तक्रारी दोन आहेत. बंदूक चुकते ती खऱ्या जगात तशी चालत नाही म्हणून. मंत्र चुकतो तो मागच्या बैठकीत वागला तसा आज वागला नाही म्हणून. पहिल्या कसोटीला वास्तव म्हणू, दुसरीला सुसंगती.

आधी बंदूक. तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीने उडणारी, बंदूक भरायची तर दारू मोजून नळीत ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायचं. नळीच्या कानापाशी, म्हणजे बाजूच्या छिद्रापाशी, रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) घालायची, पेटता तोडा चिमट्यात बसवायचा, टोक फुंकून लाल करायचं, आणि मग नेम धरायचा. सरावलेल्या हातालाही अर्धा ते एक मिनिट जातं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची. २०१४ च्या नियमांत मस्केटला (लांब नळीच्या बंदुकीला) 'लोडिंग' हा गुण आहे खरा, पण त्याचा अर्थ एका कृतीत एकच बार, एवढाच. म्हणजे मिनिटाला दहा बार! पल्ल्याची गत उलटी: पुस्तकात नेहमीचा पल्ला ४० फूट, तर खऱ्या मस्केटने ५० मीटरवरचा, म्हणजे साधारण १६० फुटांवरचा, माणूस टिपता येतो.

इथे बहुतेक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, एकच चूक दुरुस्त करतात आणि फसतात. पल्ला वाढवला आणि वेग तसाच ठेवला, तर तलवारीला कोणी हात लावणार नाही. दोन्ही एकदम बदला: पल्ला १५० फूट, भरायला पाच फेऱ्या. मग खेळाडू आपोआप पहिला बार काढून बंदूक टाकतो आणि दांडपट्टा उचलतो. चिलखताचं मात्र फार मनावर घेऊ नका. पुस्तकात साखळ्यांच्या चिलखताचं वजन ५५ पौंड, म्हणजे पंचवीस किलो, धरलंय. खरं साधारण दहा-पंधरा किलोंचं असतं. खेळात त्याने फारसं काही अडत नाही.

अडतं ते पावसाने. तोडा म्हणजे सोऱ्याच्या (दारूतल्या मुख्य क्षाराच्या) पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, तासाला चार-पाच इंच जळणारी. रात्रभराच्या पहाऱ्याला चार-पाच फूट दोरी लागते. अंधारात तिचं लाल टोक लांबून दिसतं, वासही येतो. दबा धरून बसणाऱ्यांना हे सांगून ठेवा. आषाढाच्या झडीत तोडा विझतो, रंजक ओलावते. शुद्ध न केलेला सोरा तर नुसत्या खाऱ्या हवेतही ओल धरतो. आणि पावसाळ्यात या किनाऱ्यावर जहाजं ओढून शाकारलेली असायची, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा. श्रावण लागायच्या आत भर समुद्रात आरमाराची लढाई लावलीत, तर बंदुकीपर्यंत जायचीही गरज नाही, चूक तिथेच झाली.

जाता जाता दोन लढाऊ जहाजं, गुराब आणि गलबत. अठराव्या शतकातल्या आंगऱ्यांच्या आरमारातला गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचा, साधारण १५० ते ३०० टनांचा. पुढच्या निमुळत्या नाळेवरून मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा, बाजूंना सहा ते नऊ पौंडी. लढाऊ गलबत लहान, क्वचितच ७० टनांच्या वर. दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा, चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत न्यायची. नकाशावर दोघांना एकच आकडे देणं म्हणजे ही युक्तीच पुसून टाकणं.

आता मंत्र. आगीचा गोळा इतका तापतो कसा, हा प्रश्न फुकट आहे. त्याची त्रिज्या २० फूट आणि पल्ला १५० फूट आज आहे तसाच पुढच्या खेपेलाही राहील का, हा खरा प्रश्न. सुसंगत जादू कशी दिसते हे शिकायला लांब जायला नको. तळकोकणातला राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, घ्या. त्याची हद्द म्हणजे गावाची शीव. त्याला ठरल्या वेळी राखण (त्याचा मान) द्यायची असते, गाऱ्हाणं घालायचं असतं, आणि राखण चुकली तर त्याचा कोप होतो. हद्द, वेळ, देणं आणि मोडल्याचं फळ, चारही गोष्टी जागच्या जागी. तुमच्या प्रत्येक मंत्रासाठी या चार ओळी कागदावर लिहा. गिऱ्हा हे पाण्यातलं भूत, माणसाला पाण्यात ओढतं. ते घाटावरच्या आंबोलीच्या कोरड्या कातळावर भेटलं तर खेळाडू का म्हणून विचारणारच, आणि तुमच्याकडे उत्तर हवं.

खरी मजा दोन्ही कसोट्या एकत्र येतात तिथे. नियम सांगतो की गोळ्याच्या आगीत जळाऊ वस्तू पेटतात, पण अंगावरच्या किंवा हातातल्या नाही. म्हणजे शिपायाच्या कमरेचं दारूचं शिंग वाचेल, गुराबाच्या डेकवर ठेवलेलं दारूचं पिंप पेटेल. इथवर सुसंगती. पिंप पेटल्यावर काय उडेल ते वास्तवावर सोडा: तिथे मंत्राचे फासे मोजू नका, दारू मोजा. वाऱ्याचा मंत्र ६० फूट लांब, १० फूट रुंद पट्ट्यात मिनिटभर चालतो. वारा पडून अडकलेल्या गुराबाला तो पळवून नेणार नाही, पण जवळ आलेल्या गलबतावरच्या माणसांना मागे रेटेल.

आणि किल्ला. १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाचा दरवाजा बुरुजांच्या आड असा वळवलाय की तो लांबून दिसत नाही. तोफेच्या जगात हे शहाणपण आहे. उडणाऱ्या मांत्रिकापुढे त्याचा काय उपयोग? तेव्हा नकाशा काढायच्या आधी ठरवा, असे मांत्रिक किती. सबंध कोकणात दोघेच असतील तर तट आहे तसा राहू दे. गलबतागणिक एक असेल, तर हा किल्ला बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना तटाआधी छपराचा विचार करावा लागला असता.