नावात घर्षण, कामात घोटणी

लोहार दोन तापलेले तुकडे ऐरणीवर ठोकून एकजीव करायचा तेव्हा लोखंड वितळत नव्हतं. न वितळवता सांधण्याची कल्पना इतकी जुनी आहे. फिरतं टूल सांध्यातून घोटत नेऊन धातू जोडणारं फ्रिक्शन स्टर वेल्डिंग मात्र १९९१ सालचं, इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या एका संशोधन संस्थेतलं. विमानांना लागणारे तांबे किंवा जस्त मिसळलेले ॲल्युमिनियमचे मिश्रधातू वितळवून जोडले की थंड होताना तडकायचे, म्हणून विमानांत रिव्हेटचंच, म्हणजे ठोकून बसवायच्या खिळ्यांचंच, राज्य होतं. खरी अडचण ती होती.

नवशिक्यांचा घोळ होतो तो ‘फ्रिक्शन’ या शब्दापाशी. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघात पुढे आलेलं फ्रिक्शन वेल्डिंग वेगळं. त्यात जोडायचे दोन दांडेच एकमेकांवर घासतात आणि दाबाखाली थोडे आखूड होतात. फ्रिक्शन स्टरमध्ये प्लेटा मशीनच्या बेडवर घट्ट आवळलेल्या असतात. फिरतं ते तिसरंच टूल, आणि ते जोडात उरत नाही. त्याची पिन सांध्यात शिरते, पिनेच्या वरचा टूलचा रुंद भाग, म्हणजे शोल्डर, वरून दाबून धरतो आणि टूल सांध्यावरून पुढे सरकतं.

बरं, उष्णता तरी निव्वळ घर्षणाची असते का? टूल टेकतं त्या क्षणी, हो. पण धातू मऊ झाला की त्याचा थर टूलला चिकटून फिरू लागतो. मग बरीचशी उष्णता धातूच्या आतल्या कातरण्यातून येते. धातू जितका मऊ, तितका त्याचा विरोध कमी, तितकी नवी उष्णताही कमी. तापमान वितळणबिंदूच्या खाली राहतं ते या अंगच्या लगामामुळे. हे समजलं नाही की विद्यार्थी जोड कच्चा दिसताच आरपीएम (टूलचे मिनिटाचे फेरे) वाढवत सुटतात, आणि कडेने नुसता फ्लॅश, म्हणजे दबून निघालेला जास्तीचा धातू, बाहेर येतो. माझ्या मते या पद्धतीचं मर्म ‘स्टर’मध्ये, म्हणजे घोटण्यात आहे. घट्ट वरण रवीने घोटताना भांड्यातलं सगळं रवीमागे ओढलं जातं, तसा पिनेपुढचा धातू वळसा घालून मागे जातो आणि शोल्डरच्या दाबाखाली घट्ट बसतो. वेल्डिंगपेक्षा हे फोर्जिंगच्या, म्हणजे धातू दाबून-ठोकून घडवण्याच्या, जास्त जवळचं आहे, आणि शिकवायलाही तिथूनच सुरुवात करावी.

पुढचा प्रवास वेगवान झाला. १९९०च्या दशकातच नॉर्वेत जहाजांच्या डेकची पॅनेलं आणि जपानमध्ये रेल्वे डब्यांचे भाग असे जोडले जाऊ लागले. १९९९मध्ये असा जोड असलेलं अमेरिकी रॉकेट उडालं. २००६मध्ये अमेरिकेत रिव्हेटांऐवजी बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत वापरलेल्या छोट्या जेट विमानाला प्रमाणपत्र मिळालं. स्वीडनने अणुकचऱ्यासाठीच्या ५ सेंटिमीटर जाड तांब्याच्या डब्यांची झाकणं बसवायलाही हीच निवडली. मूळ पेटंटची मुदत २०१०नंतर संपली; तोवर ही पद्धत वापरायला परवाना लागायचा. परवान्याची ती अट आधीच सैल झाली असती तर लहान कारखान्यांपर्यंत ही पद्धत लवकर पोचली असती, असं मला ठामपणे वाटतं.

आज आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत धातू कापायच्या साध्या व्हर्टिकल मिलिंग मशीनवरही याचे प्रयोग होतात. जोडावर चंद्रकोरीसारख्या रेघा उमटतात. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे एका फेऱ्यात टूल जितकं सरकलं तितकं. शेवटी टूल उचललं की पिनेचं भोक तसंच राहतं. ते दिसतं तरी. पिन आखूड पडून तळाशी प्लेटा नुसत्या टेकलेल्या राहिल्या, तर वरून सगळं गुळगुळीत असतं आणि एक्स-रेतही ती फट बहुधा सापडत नाही. जोडातून कापलेली पट्टी तळ बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवली की तिथूनच उघडते.